गंगेत पेरू लागत नाहीत

लीलाताईंच्या घरात रिकाम्या हातांनी जिना चढायची मुभा नव्हती. बँकेच्या बदलीनं मी कोल्हापूरहून बनारसला आले आणि दुर्गाघाटाच्या गल्लीत भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा दारातच एका उंच, रुंद खांद्यांच्या म्हाताऱ्या बाईनं माझ्या हातात शेणखताची पिशवी दिली.

"मी खोली बघायला आलेय," मी म्हटलं.

"तेच तर. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. ही त्याच्या वर, छतावर जाईल. चल."

दगडी जिना इतका उभा होता की पुढच्या पायरीला गुडघा टेकत होता. ताई माझ्या पुढे होत्या, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण कुठे थांबली नाही. वर पोचल्यावर मी दम खात उभी राहिले आणि मग पाहिलं. खालच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं, गवताची काडी दिसत नाही. आणि इथे डोक्यावर पेरू, लिंबू, डाळिंब, सीताफळ, तुती, अंजीर. निळे प्लास्टिकचे ड्रम अर्धे कापून त्यांत झाडं लावलेली. मधोमध एका मोठ्या लोखंडी ड्रममध्ये लंगडा जातीच्या आंब्याचं झाड, माझ्याहून उंच. पलीकडे गंगा होती, पण तिच्याकडे माझं लक्ष बऱ्याच उशिरा गेलं.

"आता खोली बघ," ताई म्हणाल्या. "आवडली नाही तरी खत वर आलं."

खोली मला आवडली. गल्लीत मोटार येत नाही, म्हणून त्या बागेतला मातीचा कण न् कण माणसाच्या हातानं वर गेलेला होता. पोस्टमन, पाहुणे, श्राद्धाला आलेले गुरुजी, कुणाची सुटका नव्हती. फक्त गॅसवाल्याला माफी, कारण त्याचा खांदा भरलेलाच असे.

ताईंचा जन्म याच घरातला. वडील वेदपाठी, घाटावर पौरोहित्य करणारे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि ताईंच्या तोंडात दोन्हींची अशी मिसळ की त्यांना स्वतःलाही ती जाणवत नसे. आम्ही मराठी चार घरं त्यांना लीलाताई म्हणायचो, गल्ली बुआजी म्हणायची. त्यांचा भाचा अनिरुद्ध, म्हणजे भावाचा मुलगा, लहानपणी गल्लीतल्या पोरांचं ऐकून त्यांना बुआ म्हणे. तो मोठा होऊन पुण्याला गेला, आत्या म्हणू लागला, पण गल्लीनं बुआजी सोडलं नाही. नोकरी त्यांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात केली, शेवटपर्यंत. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "कुणी विचारलं नाही असं नाही. पण ज्यानं त्यानं आधी सांगितलं, नोकरी सोडावी लागेल."

बागेचं मूळ त्यांच्या लहानपणात होतं. या मोहल्ल्यात पायाखाली दगडच. लहान लीलानं वडिलांना विचारलं होतं, आपल्याला अंगण का नाही? वडील म्हणाले, "आपल्याला गंगा आहे. जमीन कशाला हवी?"

"मी म्हटलं, गंगेत पेरू लागत नाहीत," ताई सांगायच्या. "तर एक थप्पड बसली. पण बघ, उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं."

तेच वडील मरताना मात्र घराची वाटणी करून गेले. तळमजला आणि पहिला मजला मुलाचा, दुसरा मजला आणि गच्ची लीलाची. तेव्हा नातेवाइकांनी हळहळ केली की पोरीच्या पदरी ऊन, जिना आणि माकडं आली. ताईंनी त्याच वर्षी पहिला ड्रम वर चढवला.

पूर ओसरला की गंगा घाटाच्या पायऱ्यांवर गाळाचा जाड थर सोडून जाते. मग पंप लावून तो गाळ पुन्हा नदीत ढकलायचं काम चालतं. ताई घमेलं घेऊन त्या पंपवाल्यांच्या आधी पोचत. "ती एवढ्या लांबून माती आणून दारात ठेवते, आणि हे तिला परत पाठवतात. पाहुण्याचा असा अपमान करतात का?" तो गाळ नुसता घातला तर विटेसारखा घट्ट होतो, म्हणून त्यात त्या भुसा, राख आणि शेणखत मिसळत. आणि चौथी गोष्ट मिसळत, जिच्यावरून शेजारच्या शुक्लाजींशी त्यांचं कायम वाजायचं.

ती म्हणजे देवळांतलं निर्माल्य. गल्लीतल्या लहानमोठ्या देवळांतून ताई सकाळी शिळे हार गोळा करत आणि गच्चीवरच्या पिंपात कुजत घालत. शुक्लाजी कर्मकांडी पंडित, त्यांची गच्ची आमच्या गच्चीला लागून. एके सकाळी ते कठड्यापाशी येऊन गरजले, "बुआजी, भगवान पर चढ़ा फूल आप गोबर में सड़ाती हैं? यह पाप है।"

ताई पिंप ढवळत होत्या. ढवळणं थांबलं नाही. "गंगाजी में सड़े तो पुण्य, और मेरे ड्रम में सड़े तो पाप? पंडितजी, यह कौन से शास्त्र में है, दिखाइए। मेरे पिताजी ने भी पढ़ाए थे दो-चार।"

शुक्लाजी शास्त्र आणायला गेले, ते परत आले नाहीत. पुढे काही दिवस त्यांनी बोलणं टाकलं. लिंबं मात्र त्यांच्या घरी जात राहिली. ताई ती कठड्यावर ठेवत, आणि दुपारपर्यंत कठडा मोकळा होई.

माकडांची गोष्ट वेगळी. बनारसच्या या भागात माकडांपायी लोकांनी गच्च्यांना वरपासून खालपर्यंत लोखंडी जाळ्या ठोकल्यात. बायका जाळीत कपडे वाळत घालतात, मुलं जाळीत पतंगाची दोरी धरून बसतात. सगळ्यांनी ताईंना जाळी लावायला सांगितलं. मीही सांगितलं.

"मी आत आणि बंदर बाहेर? चिडियाघर कुणाचं मग?"

एका दुपारी एका लालतोंड्या माकडानं त्यांचा चष्मा पळवला आणि समोरच्या कठड्यावर जाऊन बसलं. इथला रिवाज असा की आपण फळ फेकायचं, मग माकड वस्तू टाकतं. शुक्लाजी पलीकडून ओरडून तेच सांगत होते. हाताच्या अंतरावर पिकलेला पेरू होता.

"चष्मा माझा, पेरूही माझा," ताई मला म्हणाल्या. "माझीच वस्तू सोडवायला माझीच वस्तू का देऊ?"

त्या त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसल्या. माकडानं चष्म्याची एक काडी चावली, काचा उन्हात धरून पाहिल्या, दात दाखवले. ताई हलल्या नाहीत. समोरच्या, मागच्या गच्च्यांवर माणसं जमली. शेवटी माकड कंटाळलं. चष्मा त्यानं शुक्लाजींच्या पन्हाळीत टाकला आणि निघून गेलं. मोडक्या काडीच्या जागी सुतळी बांधून ताईंनी तोच चष्मा वापरला. मी नवा करून आणते म्हटलं, तर म्हणाल्या, "राहू दे. त्याला दिसला पाहिजे."

मी तिथे राहायला लागल्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात अनिरुद्ध पुण्याहून आला. पन्नाशीकडे झुकलेला, सभ्य, सावकाश बोलणारा माणूस. मिश्राजी नावाच्या एका हॉटेलवाल्याला घर हवं होतं. गंगा दिसणारी गच्ची म्हणजे आता बनारसमध्ये सगळ्यांत मोलाची जागा. तिथे टेबलं मांडायची, दिवे सोडायचे. वडिलांनी लीलाच्या पदरात टाकलेलं ऊन आणि माकडं एकाएकी सगळ्यांना हवीशी झाली होती. भाऊ गेल्यावर खालचे मजले अनिरुद्धचे झाले होतेच, पण गच्चीशिवाय मिश्राजींना घरात रस नव्हता.

"आत्या, मी तुला घराबाहेर काढत नाहीये," तो म्हणाला. आम्ही तिघं गच्चीवर चहा घेत होतो. "पुण्याला चल. लिफ्ट आहे. इथे तू पडलीस तर तुला खाली कोण नेणार?"

"पडले तर खालीच जाईन. वर न्यायला माणसं लागतात."

"मी गंभीरपणे बोलतोय."

"मग मीही गंभीरपणे सांगते. नाही."

त्याच आठवड्यात माझ्या जेवणाच्या डब्यावर चुन्याची पूड पडलेली दिसली. वर पाहिलं तर खोलीच्या छताला मधोमध चीर. मी ताईंना बोलावलं. त्या स्टुलावर चढल्या, चिरेत बोट घातलं आणि बराच वेळ बोट तिथेच ठेवून उभ्या राहिल्या. नेमका त्या जागेच्या वर आंबा होता.

उतरल्यावर त्या म्हणाल्या, "तुझी गादी उचल. तू माझ्या खोलीत झोप. मी इथे."

"ताई, काहीतरीच काय? कोसळलं तर?"

"झाड कुणाचं? माझं. मग त्याच्या खाली मी झोपेन. भाडं देणारीच्या डोक्यावर कशाला?"

माझं त्यांनी काही ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतःच सामानाची अदलाबदल केली. अनिरुद्धला कळलं तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. त्यानं ओळखीतून एक इंजिनिअर आणला. त्याची अपेक्षा सरळ होती: इंजिनिअर सांगेल, सगळं काढा, आणि विषय मिटेल.

इंजिनिअर वयस्कर होते, शांत होते. त्यांनी खालून दगडी तुळया ठोकून पाहिल्या, वर येऊन ड्रमांमधून हिंडले, मातीत बोटं खुपसली. मग ताईंना म्हणाले, "दीवारों के ऊपर जो रखना है, रखिए। दीवारें बहुत मज़बूत हैं। बीच में कुछ नहीं। और बरसात से पहले।"

"म्हणजे सगळंच काढावं लागेल ना?" अनिरुद्धनं हिंदीत विचारलं.

"मैंने बीच का कहा है।"

ताई त्यांना म्हणाल्या, "सच बोले हैं, तो चाय पीकर जाइए।"

ते गेल्यावर त्या आंब्यापाशी उभ्या राहिल्या. झाडाला कैऱ्या लागलेल्या होत्या, अजून पिकायला अवकाश होता. जेठ महिन्याचं ऊन, अशा दिवसांत मोठं झाड हलवायचं म्हणजे मारायचंच, हे त्यांनाही ठाऊक होतं. मला वाटलं, त्या मुदत मागतील. त्यांनी मागितली नाही. दुसऱ्या सकाळी साडीचा पदर खोचला आणि सगळ्या कैऱ्या उतरवल्या. मग करवत घेऊन झाडाचा निम्मा शेंडा कापला. एकेक फांदी पडायची तेव्हा त्यांचा जबडा आवळलेला दिसायचा. हात मात्र चुकला नाही. ड्रममधली माती जितकी काढता आली तितकी काढली. उरला तो ड्रम आणि मुळांचा गोळा, आणि तो चार माणसांनाही हलेना.

मग घाटावरचा किशन नावाडी त्याच्या भावांना घेऊन आला. नावा ओढायचे जाड दोर, बांबूचे गोल तुकडे. त्यांनी ड्रमखाली बांबू सरकवले आणि दोर खांद्यावर घेतले. ड्रम हलला, अडला. किशननं मागे पाहिलं. अनिरुद्ध जिन्याच्या दारात उभा होता. त्यानं बूट काढले, येऊन दोराचं शेवटचं टोक धरलं. ताई म्हणाल्या, "पाय बघून ठेव, अनू. दगड तापलाय."

ड्रम पश्चिमेच्या भिंतीवर जाऊन बसला. अनिरुद्धच्या तळव्यांना फोड आले होते. ताईंनी त्यांवर तूप लावलं, कैरीचं पन्हं दिलं. मला वाटलं, आता तो विषय काढणार नाही. पण रात्रीच्या जेवणाआधीच तो म्हणाला, "आत्या, तरीसुद्धा मी माझा भाग विकणार आहे. मला परवडत नाही आणि मला इथे यायचंही नाही."

"वीक," ताई म्हणाल्या. "तुझं आहे. मी कधी नको म्हटलं? माझं मागू नकोस, एवढंच."

आंब्याची सगळी पानं गळली. महिनाभर नुसता खुंट उभा. शुक्लाजी कठड्यापलीकडून म्हणाले, "बुआजी, यह तो गया।" ताई रोज त्याला पाणी घालत राहिल्या. आषाढात एका बाजूनं तांबूस पालवी फुटली, दुसरी बाजू वाळलेलीच राहिली. झाड वाकडं वाढलं ते कायमचंच. "नावच लंगडा," ताई म्हणाल्या. "चालतंय."

खालचे दोन मजले मिश्राजींना गच्चीशिवायच घ्यावे लागले. शेवटी त्यांनी घेतले. तिथे पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. ताईंना त्यांनी बरंच काही देऊ केलं: तळमजल्यावर जन्मभरासाठी खोली, दोन वेळचं जेवण, औषधपाणी. ताई प्रत्येक वेळी त्यांना बसवून घेत, पेरू कापून देत, आणि नाही म्हणत. अखेर मिश्राजींनी शुक्लाजींची गच्ची भाड्यानं घेतली आणि तिथे कॅफे मांडला. छत्र्या आल्या, टेबलं आली, गाणी आली.

एक दिवस एका पाहुण्यानं ताईंना मोबाइलवर मिश्राजींची जाहिरात दाखवली. त्यात बाग होती. ताईंची बाग, जणू कॅफेचीच. आणि एका फोटोत ड्रमात खुरपी चालवणाऱ्या पाठमोऱ्या ताईही होत्या.

त्यांनी फोटो नीट पाहिला, मोबाइल परत दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कठड्यालगत दोरी बांधली आणि तिच्यावर घरातल्या सगळ्या गोधड्या, चादरी, जुन्या साड्या आणि वडिलांची घोंगडी वाळत घातली. कॅफेतून आता गंगा दिसे आणि घोंगडी दिसे. मिश्राजी धावत आले.

"बुआजी, यह क्या?"

"कपड़े सुखा रही हूँ।"

"रोज़?"

"गंदे रोज़ होते हैं।"

जाहिरातीतून ते फोटो निघाले त्याच दिवशी गोधड्याही निघाल्या. ताईंनी त्या नीट घडी घालून पेटीत ठेवल्या. विजयाची वगैरे काही भाषा नाही. उन्हं चांगली लागली म्हणून समाधान मात्र होतं.

पुढच्या पौषात धुकं दाट पडलं होतं. सकाळी पाणी घालताना ताई शेवाळावर घसरल्या आणि कंबरेचं हाड मोडलं. किशन आणि त्याच्या भावांनी त्यांना खाटेवर बांधून जिन्यावरून उतरवलं. वळणावर खाट भिंतीला घासली तेव्हा ताई फक्त म्हणाल्या, "सावकाश. भिंतीचा चुना निघेल."

शस्त्रक्रिया झाली. अनिरुद्ध त्यांना पुण्याला घेऊन गेला. झाडांना पाणी मी घालत होते. तो मला फोन करायचा आणि आवाज खाली आणून सांगायचा, "ती बोलतच नाही हो. सगळं आहे इथे. बायको सगळं करते तिचं."

एकदा त्यानं फोन ताईंकडे दिला. मी विचारलं, "ताई, तिथे त्रास आहे का काही?"

"काही नाही. सगळे गोड बोलतात," त्या म्हणाल्या. "दिवसभर कुणाला नाही म्हणायची वेळच येत नाही. अगं, असं माणूस किती दिवस जगणार?"

होळी तोंडावर असताना त्या परत आल्या. अनिरुद्धच घेऊन आला होता. थकलेला दिसत होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जिना आता त्यांच्या पायांना झेपणार नाही. मिश्राजींनी गल्लीतच हात जोडले आणि तळमजल्याची खोली पुन्हा देऊ केली.

"आत्या, ऐक," अनिरुद्ध म्हणाला. "वर गेलीस तर परत उतरता येणार नाही तुला. समजतंय ना?"

"उतरायचं कुणाला आहे?"

तो वळून किशनला म्हणाला, "कुर्सी लाओ।" खुर्चीला बांबू बांधून चार जणांनी त्यांना उचललं. वर गेल्यावर त्यांनी आधी आकाशाकडे नाही, गंगेकडे नाही, ड्रमांकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"अंजीर गेलं," त्या म्हणाल्या. "थंडीनं असेल. त्याचा ड्रम रिकामा आहे ना? पपईला होईल."

त्यांची खाट गच्चीवरच पत्र्याच्या आडोशाला टाकली, आणि वॉकर धरून त्या तिथे हिंडू लागल्या. दूध, भाजी दोरीनं वर येऊ लागली. मी एकदा न राहवून विचारलं की एवढ्याशा जागेत कोंडल्यासारखं नाही का होत. त्यांना प्रश्नच कळला नाही. "खाली काय आहे?" त्या म्हणाल्या.

चैत्रात माझी नाशिकला बदली झाली. सामान गल्लीतून ओढत नेण्यापेक्षा किशननं नावेतून स्टेशनजवळच्या राजघाटापर्यंत सोडायचं ठरवलं. ताईंच्या पाया पडले, तर त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "गाडी चुकेल. जा."

नाव सुटली तेव्हा मी वर पाहिलं. तुतीच्या झाडाची एक फांदी कठडा ओलांडून कॅफेवर गेली होती, काळ्या फळांनी लगडलेली. कॅफेतली एक परदेशी मुलगी टाचा उंचावून फळ तोडू बघत होती. अचानक आकडीच्या बांबूनं ती फांदी मागे ओढली गेली. ताई कठड्याशी उभ्या होत्या, एक हात वॉकरवर, एक बांबूवर.

"बुआजी, एक डाल ही तो है," मिश्राजींचा आवाज आला.

"डाल मेरी, पेड़ मेरा। खाना है, तो माँगकर खाए।"

मिश्राजींनी त्या मुलीला काहीतरी सांगितलं असावं. तिनं ताईंकडे वळून हात जोडले. ताईंनी तिला तसंच थोडं उभं ठेवलं, आणि मग बांबू सैल सोडला. फांदी हळूच तिच्यासमोर आली.

किशन वल्हं मारत होता, घाट मागे सरकत होता. मुलीनं एक तुती तोडून तोंडात टाकली, मग दुसरी. तिसरीला तिनं हात घातला, तेव्हा बांबू कठड्यावर आपटल्याचा आवाज पार पाण्यापर्यंत आला.